दीड बोट

राग विसरणाऱ्यांतली मी नाही. घरात माझी थट्टा होते की लग्नाच्या पंगतीत कोणी गार भात वाढला होता, तेही हिला तोंडपाठ आहे. आहेच. त्या काकू अजून भेटल्या की मी त्यांच्या हातचा चहा घेत नाही. त्यामुळे ज्या माणसाने माझी सहा वर्षांची मेहनत स्वतःच्या नावावर लावली, त्याला मी सोडणार नाही हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. त्याला धरायचं कसं, तेवढं सुचत नव्हतं.

आमचं ऑफिस लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीच्या वर. खाली आरामशीन सुरू झाली की टेबलावरचे कप थरथरायचे आणि बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागायचा. संस्था आरोग्याचा प्रचार करायची आणि आमच्या चमूकडे खर्र्याचं काम होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो. आमच्याकडे बापे खातात, बाया खातात. धानाच्या रोवणीला दिवसभर चिखलात वाकलेली बाई गालात खर्रा धरून राहते, कारण त्याने भूक मरते. वर्षानुवर्षं खाल्लं की गाल आतून आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. दोनच जायला लागली की समजायचं, काम बिघडत चाललं आहे.

मी तिथे समुपदेशक होते, म्हणजे गावोगाव जाऊन बोलणारी बाई. पहिल्या वर्षी मी कॅन्सरचे फोटो दाखवायचे. लोक बघायचे, चुकचुकायचे आणि बाहेर जाऊन खर्रा घोटायचे. मग मी एकेक युक्ती जमवत गेले. खाणाऱ्याने आठवडाभर रिकाम्या पन्न्या फेकायच्या नाहीत. पिशवीत साठवायच्या आणि बैठकीत सगळ्यांसमोर ओतायच्या. परक्याच्या सडलेल्या गालाचा फोटो माणसाला जेवढा हलवत नाही, तेवढा त्याचा स्वतःचा पन्न्यांचा ढीग हलवतो. दुसरी युक्ती बोटांची. घरातल्या एकाने रोज संध्याकाळी म्हणायचं, घाला बरं बोटं. अशा सहा बैठका मी सहा वर्षांत बसवल्या. कुठे लोक हसतात, कुठे गप्प होतात, कुठे कोण उठून जातं, सगळं एका जाड वहीत उतरवलं.

सर आमचे संचालक. अजूनही सर म्हणते, कारण जिभेला लागलेली सवय जात नाही. एक दिवस त्यांनी ती वही ‘जरा बघतो’ म्हणून नेली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग होता. आणखी चार महिन्यांनी एक पुस्तक छापून आलं. बैठका त्याच, पन्न्या त्याच, बोटं तीच, नाव सरांचं. मग एक गाडी आली. पांढरी, मागे पडदा, दोन्ही बाजूंना सरांचा हात जोडलेला फोटो. ती गावात उभी राहायची आणि सहाही बैठका भोंग्यावरूनच व्हायच्या, सरांच्या आवाजात: ‘आठवडाभराच्या पन्न्या फेकू नका, साठवा.’ माझं वाक्य, शब्दही न बदलता.

त्या गाडीबद्दल एका सभागृहात सरांना शाल आणि नारळ मिळाला. मी तिसऱ्या रांगेत होते आणि टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं, “सर, पुस्तकात माझं नाव नाही.”

“कशासाठी हवं होतं?”

“बैठका माझ्या आहेत.”

सर हसले. त्यांचं हसणं छान होतं, तेच त्यांचं भांडवल. “बाई, गावात जाऊन बोलणं वेगळं आणि प्रोग्रॅम डिझाइन करणं वेगळं. तुम्ही बोललात. डिझाइन मी केलं.” मग त्यांना वाटलं असावं की हे पुरेसं झालं नाही. ते म्हणाले, “आणि आता गाडीत माझा आवाज आहेच. तुमच्या गळ्याला आराम द्या. तुम्ही मोजणीच्या टीममध्ये जा. फॉर्म भरा.”

कोणीतरी खुदकन हसलं. कोण ते मला माहीत आहे. मी म्हणाले, “बरं सर, मोजते.” मनात म्हणाले, आता बघच मी कशी मोजते.

संधी चालून आली ती एका पाहुणीच्या रूपाने. पैसे देणाऱ्यांनी त्यांची आकडेतज्ज्ञ पाठवली. तिशी ओलांडलेली, केस आखूड, बोलणं मोजकं. सरांनी तिला पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या. गाडी जाण्यापूर्वी गावात इतके खाणारे, गाडी गेल्यावर इतके. पट्टी सगळीकडे उतरत होती आणि सरांचा आवाज चढत होता. ती पाणी प्यायली आणि तिने विचारलं, “ज्या गावांत गाडी गेली नाही, तिथे काय झालं?”

सर तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने पंगतीत बसून शेजारच्या घरी काय शिजलंय ते विचारलं होतं.

मी कोपऱ्यात बसले होते. फॉर्म भरणाऱ्याने बोलायचं नसतं. मी बोलले. म्हणाले, “मॅडम, त्याच वर्षी पोलिसांनी खर्र्याच्या टपऱ्यांवर धाडी घातल्या होत्या. कितीतरी टपऱ्या बंद होत्या. आणि गाडी गेली ती गावं सगळी डांबरी रस्त्यावरची, सरांच्या ओळखीच्या सरपंचांची. ती तशीही सुधारली असती.”

आरामशीन नेमकी त्याच वेळी थांबली होती, त्यामुळे प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला. आकडेतज्ज्ञ बाई खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागली. मग तिने सरळ भाषेत समजावलं. गावं आपण निवडायचीच नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या गावांत गाडी यंदा, निम्म्यांत पुढच्या वर्षी. निवड चिठ्ठीवर सोडली की धाडी दोन्हीकडे पडतात, चांगले सरपंच दोन्हीकडे निघतात, खराब रस्तेही दोन्हीकडे. वर्षाने सगळीकडे एकाच मापाने मोजायचं. जो फरक उरेल तो गाडीचा.

“आणि उरला नाही तर?” मी विचारलं.

“तर गाडीचा उपयोग नाही.”

सरांनी टेबलावर थाप मारली. “लावा कसलीही परीक्षा! माझ्या गाडीला भीती नाही.”

त्या दिवशी घरी जाताना मी संत्रा बर्फी घेतली. घरी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, एका माणसाने आज आपल्या हाताने खड्डा खणायला घेतला. ती गाडी म्हणजे निव्वळ सोंग आहे याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. भोंग्यातून बोललेल्या माझ्या वाक्यांनी कोणी खर्रा सोडेल? मी समोर बसून, नावाने हाक मारून, कधी शिव्या खाऊन सोडवला होता.

कुही तालुक्यातली सोळा गावं ठरली. सोडतीआधी सगळीकडे पहिली मोजणी करायची होती. रोवणी आटोपली होती, बाया जरा मोकळ्या होत्या. आम्ही घरोघर जायचो, किती खर्रे खाता विचारायचो, बोटं घालायला लावायचो. लोक खोटं बोलतात म्हणून लघवीत एक पट्टी बुडवायचो, तंबाखू असला की तिच्यावर कळायचं.

एका गावात, शेवटच्या आळीत, ती भेटली. माझ्याच वयाची, रोवणीने हाताची बोटं पांढरीफटक पडलेली. तिने दोन बोटं घातली आणि तिसरं दाराशी अडलं.

“दोन,” मी लिहिलं. “तिखट लागते का?”

“आग होते बाप्पा. पण गुपचुप अजून अख्खी जाते वं बाई,” ती म्हणाली. गुपचुप म्हणजे पाणीपुरी. “बुधवारच्या बाजारात मी गुपचुप खातो म्हणजे खातोच. इकडून ढकलली का जाते. ते बंद झालं का मंग मले जगूनच काय करा लागते?”

मला ती आवडली. मी अगदी पहिल्यांदा फॉर्म सोडून बोलले. म्हटलं, “सोडून दे वं खर्रा. आत्ता सोडला तर एवढं तरी राहील.”

“एकटीनं नाही सुटत. तीनदा सोडला. तुमची ते गाडी येते म्हनतात, बैठका होते म्हनतात. सगळ्या बाया संगं सोडत असन तर मी बी सोडतो.”

मग सोडत झाली. आकडेतज्ज्ञ बाईला संगणकातून गावं काढायची होती. सरपंचांनी ऐकलं नाही. डब्यातून निघालेलं कोण मानते, म्हणाले, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तशी काढा, सगळ्यांसमोर. गंमत अशी की सोडत म्हणजे काय आणि ती का, हे त्या सोळा जणांना एका मिनिटात समजलं. एक म्हातारा सरपंच म्हणाला, नवीन धान आलं का मी बी अर्ध्या बांधीत जुनंच टाकतो, नाही तर समजन कसं? आमच्या सरांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं. काचेच्या बरणीत सोळा चिठ्ठ्या टाकल्या. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणली, तिचे डोळे ओढणीने बांधले. पहिल्या आठ चिठ्ठ्या गाडीच्या, उरलेली आठ गावं थांबायची.

सरांचं जन्मगाव त्या सोळांत होतं. सगळ्यांत मोठं तेच. सर मुलीच्या हाताकडे टक लावून बघत होते. सहा झाल्या, सात झाल्या, आठवी निघाली. त्यांचं गाव बरणीतच राहिलं.

त्यांचा चेहरा मी आजही आठवून आठवून बघते. त्यांच्या गावचा सरपंच, त्यांचा चुलतभाऊ, सगळ्यांसमोर म्हणाला, “म्हणजे आपल्याच गावाले नाही का गा?” सर काहीतरी नियम-नियम पुटपुटले. त्या शेवटच्या आळीतल्या बाईचं गावही थांबणाऱ्यांत गेलं होतं. मी स्वतः तिच्याकडे जाऊन सांगितलं, “यंदा नाही, पण पुढच्या मोजणीनंतर तुमचा नंबर नक्की. माझा शब्द आहे.”

“थांबतो मंग,” ती म्हणाली.

वर्ष सरलं. दुसरी मोजणी सुरू झाली आणि पहिल्या दोन गावांतच माझा हिशोब चुकला. गाडीच्या गावांत लोकांनी खर्रा सोडला होता. सगळ्यांनी नाही, पण नजरेत भरण्याएवढ्यांनी. पट्ट्या स्वच्छ निघत होत्या. एका घरात खिळ्याला रिकाम्या पन्न्यांची पिशवी टांगलेली होती, गाठ मारून. मी विचारलं, हे काय? घरधनीण म्हणाली, “ह्याईचं मांगचं पाप हाये ते. दिसत राहिलं पायजे.” एका अंगणात सून सासऱ्याला म्हणत होती, घाला बोटं. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं की हे मी शिकवलंय, गाडीने नाही. ते सगळे सरांच्या फोटोबद्दलच बोलत होते. “ते गाडीतले साहेब लय चांगलं सांगते,” म्हणाले.

तरीही तिथे मी जे होतं तेच लिहिलं. एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

मग सरांच्या गावात गेलो. थांबलेलं गाव, गाडी न गेलेलं. आणि तिथेही पट्ट्या स्वच्छ. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने तीन बोटं तोंडात घालून दाखवली, मी सांगितलं नसताना.

“कोणी शिकवलं, बाबा?” मी विचारलं.

“गाडीनं. मंडईत आली होती न.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी, जावई, गाव सोडून गेलेले, सगळे गावी येतात. दंडारीचा खेळ होतो, रात्रभर नाटक चालतं. शहरात मोठा झालेला माणूस मंडईला रिकाम्या हाताने येत नाही. सरांनी गाडी आणली होती.

“तीन दिवस उभी होती,” म्हातारा सांगत होता. “मंग सहाच्या सहा बैठका बी झाल्या, सरपंचाच्या वट्यावर. बाजूच्या गावचे बी येऊन बसत. आम्ही म्हटलं, काहून गा, तुह्या नेमात नाही म्हने आपलं गाव? तर तो म्हने, दुनियेले वाढतो आणि माह्या गावाले उपाशी ठेवतो का?”

मी त्या अंगणात उभी राहिले आणि मला हसू फुटायला लागलं. सरांनी सोडत मोडली होती. थांबलेल्या गटातलं सगळ्यांत मोठं गाव त्यांनी स्वतः जेवू घातलं होतं, शेजारच्या दोन थांबलेल्या गावांसकट. आता दोन्ही बाजूंच्या लोकांनी खर्रा सोडलेला दिसणार, आणि फरक उरणार नाही. म्हणजे गाडीचा उपयोग नाही. माणूस आपल्या गावच्या कौतुकापायी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता. ‘या गावात गाडी आली होती का?’ आकडेतज्ज्ञ बाईने तो याचसाठी ठेवला होता. हो लिहिलं असतं तर तिने ते धरून विचार केला असता. प्रत्येक फॉर्मवर, त्या गावातल्या एकूण एक फॉर्मवर, मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, नाही. शेजारच्या दोन गावांतही तेच लिहिलं.

शेवटच्या आळीतल्या बाईचं गाव या भानगडीपासून दूर होतं. तिची बोटं दोनच भरली. “आता आमची गाडी न?” तिने विचारलं. “दोन-तीन महिन्यांत,” मी म्हटलं.

निकाल सांगायला आकडेतज्ज्ञ बाई पुन्हा आली. ऑफिसात सगळे जमले होते. मी या वेळी पहिल्या रांगेत बसले, मुद्दाम. ती म्हणाली, दोन्ही गटांत लोकांनी खर्रा सोडलेला दिसतो, पण गाडीच्या गावांत जास्त सोडला असं म्हणता येईल एवढा फरक नाही. काहीतरी दुसरंच कारण असणार, कदाचित तशाच धाडी. गाडीमुळे झालं असं दाखवता येत नाही.

सर उठून उभे राहिले. “पण माझ्या गावात तर...” म्हणाले आणि थांबले. पुढे बोलले असते तर सोडत मोडल्याचं कबूल करावं लागलं असतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, तीन बोटं आरामात गेली असती. त्यांनी आकडेतज्ज्ञ बाईकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मी हसले. त्यांच्यासारखं छान मला हसता येत नाही, पण त्या दिवशी जमलं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि खाली बसले.

खोटं कशाला बोलू, तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता. आतापर्यंतच्या सगळ्या गार भातांची भरपाई झाली. पैसे देणाऱ्यांनी गाडी बंद केली. ती वखारीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि लाकडाचा भुसा उडून सरांच्या जोडलेल्या हातांवर बसायला लागला. मी रोज ऑफिसला येताना तिकडे बघायचे. थांबलेल्या गावांचं काय, असं कोणीतरी एकदा विचारलं. ज्याचा उपयोग नाही ते कशाला द्यायचं, असं उत्तर मिळालं. बरोबरच होतं. आम्हाला हात धुण्याच्या कामावर लावलं.

उन्हाळा लागला. हात धुण्याच्याच कामासाठी मी एका बुधवारी कुहीला गेले होते. बाजारातून येताना गुपचुपच्या ठेल्यापाशी ती दिसली. ठेलेवाल्याने पुढे केलेली गुपचुप तिने हातातल्या वाटीत ठेवली, अंगठ्याने फोडली, चुरली आणि तिचे तुकडे एकेक करून ओठांच्या फटीतून आत सारायला लागली. पाणी हनुवटीवरून गळत होतं. तिने मला बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

“बाई! कवा येते वं आमची गाडी?”

“तू सोडला नाही का खर्रा?”

“तुम्ही सांगतलं होतं न, नंबर हाये म्हनून. आळीतल्या सगळ्या बाया थांबून राहिल्या. गाडी आली का संगंच सोडू म्हटलं.” तिने वाटी पुढे केली. “घ्या न एक.”

मी घेतली. अख्खी तोंडात गेली.

लकडगंजला परत येईपर्यंत बसमध्ये मी सरांना मनातल्या मनात शिव्या देत होते. यांनीच नियम मोडला, यांनीच गावावरचं प्रेम दाखवलं. सगळं खरं होतं. पण गाडीचा उपयोग होतो हे सोळा गावांत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाचं तोंड मी शिवलं होतं. आणि गाडीत होतं तरी काय? माझ्याच बैठका. माझ्या पन्न्या, माझी बोटं, शब्द माझे. भोंग्यातून, परक्या आवाजात, नावाशिवायही त्या चालत होत्या. सरांचं नाव गाडायला गेले आणि त्या खड्ड्यात माझी वही गाडली.

मी आकडेतज्ज्ञ बाईला पत्र लिहिलं. तीन गावांच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं, गाडी आली होती, मला माहीत होतं. एवढं चटकन लिहून झालं. पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ‘सरांच्या गाडीने लोक खर्रा सोडत होते, हे मी स्वतः बघितलं.’ हे वाक्य लिहिताना जेवढा त्रास झाला तेवढा खोटं लिहिताना झाला नव्हता.

तिचा फोन आला. ती ओरडली नाही, त्याने जास्त लागलं. म्हणाली, सोडतीत ज्या बाजूला गाव निघालं त्याच बाजूला ते मोजायचं असतं, ते हलवता येणार नाही. पण काय घडलं ते लिहिता येईल, ती गावं बाजूला ठेवून काय दिसतं तेही मांडता येईल. मग विचारलं, “तुम्ही का केलंत हे? सोडतीची कल्पना तर तुम्हाला सगळ्यांत आधी पटली होती.”

“मला कल्पना पटली नव्हती,” मी म्हणाले. “मला माणूस पाडायचा होता.”

मांडणी नव्याने झाली. त्यात पावसाळा आला. गाडी चालते असं आता म्हणता येत होतं, जपून, पण म्हणता येत होतं. थांबलेल्या गावांना ती द्यायचं ठरलं. सरांनी सोडत मोडली त्याबद्दल त्यांना समज मिळाली, भावनेच्या भरात घडलं असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मला मोजणीतून काढलं, ते योग्यच झालं. मग सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता घरी पाठवतात. सर हसले, तेच हसणं. “बाई, जुनं सोडून द्या. गाडीसोबत बोलायला कोणीतरी लागेल. तुम्ही जा.” त्यांनी मला माफ केलं होतं. हे मी त्यांना मरेपर्यंत माफ करणार नाही.

गाडी धुतली, भुसा निघाला, सरांचे हात पुन्हा लख्ख झाले. रोवणी आटोपल्यावर आम्ही त्या गावात पोचलो, तिची दोन बोटं मी शेवटची लिहिली होती त्याला वर्ष झालं होतं. शेवटच्या आळीतल्या बाया पिशव्या घेऊन आधीच बसल्या होत्या. भोंग्यातून सर बोलत होते, मी त्यांच्या फोटोखाली उभी होते. बैठकीच्या कार्डावर बोटं लिहायची होती. ती सगळ्यांत पुढे आली.

“घाल वं,” मी म्हटलं.

एक बोट गेलं. दुसरं तिने तिरपं केलं, ढकललं, डोळ्यांत पाणी आलं, पण ते पेरापर्यंतच गेलं. तिने बोटं काढली, लुगड्याला पुसली आणि माझ्या हातातल्या कागदात डोकावली.

“मांगं दोन लिवले होते न?”

“हो.”

“मंग अर्ध कुठी गेलं वं बाई?” ती म्हणाली, हसतच. बाकीच्या बायाही हसल्या.

मी सांगणार होते. माझं तोंड उघडलं नाही. मी कार्डावर दीड लिहिलं आणि तिला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं.